कारण एकच लिहावे

लातूर,
६ इस्फंदार १३५३ फसली

तीर्थस्वरूप मामांस इंदूचा साष्टांग नमस्कार.

आईची प्रकृती बरी आहे. शेषेरावकाकांच्या घरी सर्व कुशल. पत्राचे कारण असे की, येथील वाचनालयाने विद्यार्थ्यांसाठी निबंधाची स्पर्धा लावली आहे. विषय ‘फसलेल्या मोहिमा’. तीन मोहिमा निवडायच्या, त्यांची हकीकत लिहायची आणि प्रत्येकीच्या शेवटी ती का फसली ते सांगायचे. परीक्षक आमचे सिद्धेश्वर मास्तर आहेत. त्यांची अट अशी की कारण एकच लिहावे. ‘पुष्कळ कारणे होती’ असे लिहिणाऱ्याने विचार केलेला नसतो, असे ते म्हणतात. निवडलेला निबंध पाडव्याला वाचनालयाच्या ओट्यावर सर्वांसमक्ष वाचला जाईल. मुदत १० अर्दिबहिश्तपर्यंत आहे.

दोन मोहिमा मिळाल्या आहेत. एक दक्षिण ध्रुवावरची. त्या लोकांनी बर्फात घोडे नेले होते. दुसरी फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या तिघांची. तिसरी आपल्या मुलखातली असावी अशी मास्तरांची इच्छा आहे. आपल्या संग्रहात काही असल्यास कळवावे.

आपली आज्ञाधारक
इंदू


नांदेड,
पौष वद्य अष्टमी, शके १८६५

चिरंजीव इंदूस, गोदातीरनिवासी, गलितदंत परंतु अगलितवाणी मार्तंडमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र कूर्मगतीने का होईना पोचले. ‘इस्फंदार’ हा महिना कोणत्या ऋतूत पडतो याचे संशोधन करण्यात माझा अर्धा प्रहर गेला. सरकारी महिने मला नेहमीच एखाद्या पारशी मेजवानीतील पक्वान्नांच्या यादीसारखे वाटत आले आहेत. असो. वीस वर्षे संस्कृत शिकवून एकाही विद्यार्थ्यास विद्वान न केल्याचा निष्कलंक लौकिक असलेल्या या गुरूस तू ग्रंथसाहाय्य मागितलेस, हे तुझ्या निबंधातील चौथ्या फसलेल्या मोहिमेचे प्रस्थानच समजावे.

बर्फात घोडे नेणाऱ्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर उत्पन्न झाला. आमच्या नांदेडचे टांगेवाले चिखलातही नेत नाहीत.

तिसऱ्या मोहिमेसाठी नायगावच्या किशनरावांची पाताळयात्रा सुचवतो. या पुण्यपुरुषाने आपल्या शेतात अकरा वर्षांत सात विहिरी खणल्या. सातही सुक्या. आठवीचा नारळ गेल्या महिन्यात फुटला. त्या समारंभास मी जातीने उपस्थित राहून मोदक भक्षण केले. फसण्याचे कारण तुझ्या मास्तरांना हवे तसे एकच आहे. पाणी दाखवणारा त्यांचा जावई आहे. आणि जावयाला ‘पुरे’ म्हणण्याची सोय आपल्या धर्मशास्त्रात कोठेही नाही.

तुझ्या आईस, गोदूस, आशीर्वाद. तिला म्हणावे, थंडीत अनवाणी हिंडू नकोस.

मार्तंडमामा


लातूर,
२३ इस्फंदार

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.

किशनरावांच्या विहिरींवर आई पुष्कळ दिवसांनी हसली. पण मी त्या लिहिणार नाही, कारण तिसरी मोहीम मला सापडली आहे.

वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे आहेत. त्यांत १३३७ फसलीच्या आबान महिन्याचा एक अंक निघाला. मजकूर जसाच्या तसा उतरवते: ‘नांदेडहून कापूस जलमार्गे समुद्रापर्यंत नेता येईल हे सिद्ध करण्यासाठी निघालेली नौका धर्मपुरीच्या अलीकडे खडकावर आपटून फुटली. तामीरात (बांधकाम) खात्याचे ओव्हरसियर अनंतराव व एक नावाडी बुडाले. ऐन पुरात नाव घालण्याचा नायकाचा उतावळेपणा दोघांच्या प्राणांवर बेतला.’

मामा, ते माझे वडील. ते सरकारी कामावर असताना पुरात गेले, एवढेच मला आजवर सांगण्यात आले होते. मोहीम होती, तिला नाव होती, तिचे ते नायक होते, यातले काहीही मला ठाऊक नव्हते.

अंक मास्तरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि लिही म्हणाले. पण कारण उतावळेपणा हेच लिहावे लागेल, ते छापून आलेले आहे. दुसरे लिहायचे तर तसा लेखी पुरावा हवा, असेही म्हणाले. म्हणजे पाडव्याला मी ओट्यावर उभी राहून, समोर आई बसलेली असताना, माझ्या वडिलांच्या उतावळेपणाने दोन माणसे मेली असे वाचायचे.

आईला विचारले की ती तांदूळ निवडायला बसते. या आठवड्यात तेच तांदूळ चार वेळा निवडून झाले.

त्यांची रोजनिशी आपल्याकडे आहे, असे काकांच्या बोलण्यात आले. ती कृपा करून पाठवावी. ते उतावळे होते किंवा नव्हते, हे मला त्यांच्या अक्षरात वाचायचे आहे.

इंदू


नांदेड,
माघ शुद्ध दशमी

चिरंजीव इंदूस आशीर्वाद.

संशोधकास जे सापडू नये तेच प्रथम सापडते, हा नियम तुझ्या बाबतीतही अबाधित राहिला.

तुझ्या तीर्थरूपांची रोजनिशी माझ्याकडे होती हे सत्य आहे. ‘होती’ या पदावर भर द्यावा. आमच्या घरातील वाळवी ज्ञानपिपासू असल्याचे तुला विदित आहेच. तिने प्रथम धर्मसिंधू, नंतर माझा लग्नातील शेला आणि तदनंतर ती रोजनिशी, अशा चढत्या क्रमाने अध्ययन केले. अवशेष गोदार्पण करण्यात आले.

मृतांविषयी वृत्तपत्रात जे छापले जाते ते बहुधा स्थूलमानाने खरे असते. पुरात नाव घातली, नाव फुटली. कार्यकारणभाव स्वच्छ आहे. मास्तरांना एक कारण हवे आहे. ते आयते छापलेले मिळाले आहे. ते लिहून मोकळी हो. अन्यथा किशनरावांच्या विहिरी आहेतच, आणि त्यांत कोणी बुडण्याची भीती नाही.

गोदूस या विषयावर प्रश्न विचारू नयेत, ही माझी विनंती समजावी वा आज्ञा.

मार्तंडमामा


लातूर,
७ फरवर्दी

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

आपले पत्र मी आईला वाचून दाखवले. वाळवीपर्यंत आल्यावर तिने सूप खाली ठेवले. ती म्हणाली, “या भाऊबीजेला दादाच्या संदुकीतून मी ओवाळणीचं निरांजन काढलं, तेव्हा ती वही मेणकापडात गुंडाळलेली होती. मी हात लावून ठेवून दिली.” एवढेच बोलली आणि पुन्हा सूप घेतले.

आपण मला लहानपणापासून पुष्कळ थापा मारल्या. चंद्रावरचा ससा नांदेडचा आहे ही त्यांतली एक. पण त्या मला आवडाव्यात म्हणून मारलेल्या असत. ही तशी नाही.

वही पाठवावी. मुदतीला एक महिना उरला आहे.

इंदू


नांदेड,
माघ वद्य एकादशी

चिरंजीव इंदूस आशीर्वाद.

वाळवीवर मी केलेला आरोप सिद्ध होऊ शकला नाही. सबब तो मागे घेत आहे. तो गरीब प्राणी अन्य गुन्ह्यांत दोषी असला तरी या प्रकरणी निर्दोष आहे.

सोबत वही रवाना केली आहे. मोटारीचे ड्रायव्हर अण्णाराव माझे जुने विद्यार्थी. संस्कृतात नापास झाल्यामुळेच त्यांचे कल्याण झाले. ते स्वहस्ते तुझ्याकडे पोचवतील. वही वाच, पण तीत फारसे काही नाही. घाटाच्या पायऱ्यांची मोजणी आहे, सागाच्या फळ्यांचे हिशेब आहेत, डांबर किती लागले ते आहे. तुझे वडील मोजणारे होते, बोलणारे नव्हते. आमच्या घरी जेवायला बसले तरी पंगतीतील पाटांमधील अंतर सारखे करून मगच बसत.

नाव फुटली तेव्हा ही वही भुजंग नावाड्याच्या कमरेला बांधलेली होती. तो पोहून निघाला, म्हणून वही निघाली.

मार्तंडमामा


लातूर,
२४ फरवर्दी

मामांस नमस्कार.

वही मिळाली. दोनदा वाचली. मग सुई घेऊन शिवणीपाशी तिची पाने मोजली.

वडील रोज लिहीत. एकही दिवस सुटलेला नाही. आषाढाच्या शेवटी ते लिहितात की पाणी इतके हवे, की नाव तळाला लागू नये, आणि इतके कमी हवे, की खडकांची डोकी वर दिसावीत. असे पाणी वर्षात तीनच आठवडे असते आणि ते आता आले आहे. नाव तयार आहे, सामान भरले आहे. पुढे ‘उद्या, १४ शहरेवर, पहाटे प्रस्थान’ असे लिहून खाली रेघ मारली आहे. त्यानंतरचे पान एकदम १३ मेहरचे. त्यावर ‘निघालो’ एवढा एकच शब्द आहे. मधल्या एका महिन्याची पाने नाहीत. ती गळालेली नाहीत. पट्टी धरून, चाकूने कापलेली आहेत. कापणाऱ्याचा हात स्थिर होता.

जो मनुष्य योग्य पाण्याच्या दिवसाची रेघ आखून वाट पाहतो, तो उतावळा कसा? आणि तोच मनुष्य महिनाभर का थांबतो, आणि पूर आल्यावर का निघतो?

बिलोलीचा भुजंग सध्या मुरुडला लेकीकडे, विठाबाईकडे, येऊन राहिला आहे असे कळले. काका बाजाराला निघाले होते. आई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. भुजंग ओसरीवर जाळे विणत होता. आईला पाहून उठला, पागोटे सारखे केले आणि परत बसला. त्याचा थोरला भाऊ वडिलांबरोबर बुडाला, हे मला तिथे कळले. तो छापील ‘एक नावाडी’ म्हणजे हा.

मी विचारले, त्या वर्षी महिनाभर नाव का थांबली. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की हे काय विचारणे झाले.

“धोंड्याचा महिना लागला व्हता न्हवं, बाई,” तो म्हणाला. “आमाला त्याचं काय न्हाई, आमी धोंड्यातबी जाळं टाकतोच. पर जावयानं नदीनं जाऊ नाही, असं शास्तरात हाय. मार्तंडपंतांनी सोता घाटावर उभं ऱ्हाऊन म्हणून दावलं. बामणानं पोथीतलं सांगितल्यावर नाव कोण सोडंल?”

आणि मग, मामा, त्याने तो श्लोक म्हटला. सोळा वर्षांपूर्वी एकदा ऐकलेला. डोळे मिटून, हात जोडून:

‘मलमासे न गन्तव्यं जामात्रा नदीवर्त्मना ।
तिष्ठेच्छ्वशुरगेहे तु धोण्डान् भुञ्जीत सादरम् ॥’

अधिकमासात जावयाने नदीमार्गाने जाऊ नये. सासरी राहावे आणि आदराने धोंडे खावेत. भुजंगाच्या भावकीत हा श्लोक आता मुलांना शिकवतात. अधिकमासात त्यांचा एकही जावई नावेत पाय ठेवत नाही. त्याची त्यावर इतकी श्रद्धा आहे की तो म्हणाला, “म्हयना पाळला तरी बुडालो. पाळला नसता तर काय झालं असतं, बगा.”

मला संस्कृत आपणच शिकवले. ‘धोंडे’ हे पुरणाचे मुटके आमच्या लातूर-नांदेडात अधिकमासात जावयाला घालतात. कोणत्या ऋषींना ते ठाऊक होते?

घरी येताच आईने पुन्हा सूप घेतले.

मुदत १० अर्दिबहिश्तला संपते. ती पाने त्याआधी माझ्या हातात आली नाहीत, तर मी छापलेले कारण लिहीन, ओट्यावर वाचीन, आणि आपण केलेल्या या कृत्याविषयी पुन्हा आपल्याला कधी विचारणार नाही. पत्रही लिहिणार नाही.

इंदू


नांदेड,
फाल्गुन शुद्ध नवमी

चि. इंदू,

पाने सोबत आहेत. सहा. अण्णारावाला सांगितले आहे, की इंदूच्या हातात दिल्याशिवाय मोटार पुढे नेऊ नकोस.

श्लोक माझा. ऋषीचे नाव मी धौण्ड्य असे सांगितले होते आणि ग्रंथाचे नौकाविधानसंहिता. दोन्ही त्याच सकाळी दात घासताना सुचली.

का केले ते सांगतो. त्या वर्षी श्रावण अधिक आला. माझ्या आईने, तुझ्या आजीने, जावयाच्या वाणाची तयारी केलेली. तेहेतीस धोंडे, चांदीचे निरांजन. अनंतराव म्हणाले, मला जमणार नाही, पाणी थांबत नाही. आई स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत बसली. गोदू बोलली नाही; ती कधीच बोलत नाही. मला वाटले, आपल्याजवळ एक विद्या आहे, तिचा उपयोग करून सर्वांना हसवू. अनंतराव ऐकणार नाहीत हे ठाऊक होते, म्हणून त्यांना सोडून नावाड्यांना ऐकवला. घाटावर पितांबर नेसून, उजवा हात वर करून. ते हसतील असे वाटले होते. ते पाया पडले.

त्या क्षणी ‘अरे, थट्टा केली’ एवढे तीन शब्द पुरले असते. मी आशीर्वाद दिला.

महिना संपला तेव्हा पाणी चढलेले होते. खात्याची परवानगी मेहरअखेरपर्यंतच होती. ते निघाले. मी घाटावर उभा राहून स्वस्तिवाचन केले आणि घरी येऊन वरणभात जेवलो. मी नावेत बसलो नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण ते कोणी विचारत नाही.

भुजंगाने वही आणून माझ्या हाती दिली. मी ती उघडली, आणि पाने कापली. सोळा वर्षे ती वाचली नाहीत असे म्हणणे सोयीचे होईल. मला ती पाठ आहेत. आधी ती स्वतःसाठी लपवली. तू मोठी होऊ लागलीस तसे मी स्वतःला सांगू लागलो, की तुझ्यासाठी लपवतो आहे. दुसरे कारण अधिक शोभून दिसे, म्हणून ते पुढे ठेवले. वाचलीस की त्यांत तुझ्यापासून लपवण्यासारखे काय होते ते कळेल. न वाचता फाडलीस तरी चालेल. पण तो निर्णय मी करण्याचा नव्हता, एवढे मला आता उमगले आहे.

उतावळेपणा हे कारण लिही, असे मी तुला मागे लिहिले. त्या पत्राची मला या श्लोकाहून अधिक लाज वाटते. श्लोक रचताना मला परिणाम ठाऊक नव्हता.

मार्तंड


लातूर,
१४ अर्दिबहिश्त

तीर्थस्वरूप मामांस इंदूचा साष्टांग नमस्कार.

पाने आठ तारखेला दुपारी मिळाली. अण्णारावांनी खरोखरच मोटार उभी करून ठेवली. आतल्या उतारूंनी फार आरडाओरडा केला.

मी आईजवळ बसून ती मोठ्याने वाचली. आपल्याला पाठ आहेत. तरी त्यांतील काही मजकूर येथे लिहिते, कारण ती आता माझीही आहेत.

‘१४ शहरेवर. घाटाची सहावी पायरी पाण्यात. मार्तंडाने भुजंगाच्या मंडळींस श्लोक ऐकवला. दुसऱ्या चरणात पाचवे अक्षर गुरू आहे, हवे लघू. ऋषी असे चुकत नाहीत, मेहुणे चुकतात. भुजंगास सांगून टाकावे म्हणून उठलो. इंदू माझ्या मोजपट्टीस धरून उभी राहिली व दोन पावले चालली. बसलो.

१५ शहरेवर. सहावी पायरी. पावले ४.

१९ शहरेवर. सातवी. पावले ११. आज निघालो असतो तरी चालले असते. सांगितले नाही.

२७ शहरेवर. आठवी. पावले मोजता आली नाहीत; ती पळाली.

५ मेहर. नववी. उंबरा ओलांडते. पडते, रडत नाही.

११ मेहर. अकरावी. धोंडे संपले. गोदा म्हणते, पाणी उतरेपर्यंत थांबा. परवानगी थांबत नाही. खडक दिसणार नाहीत. भुजंगाचा भाऊ जाणता आहे, त्याला पाण्याचा आवाज कळतो. हा महिना माझा होता, तो मी घेतला. आता पाण्याला दोष देता येणार नाही. मार्तंडालाही नाही.’

वाचून झाल्यावर आई म्हणाली, “श्लोक खोटा हे मला त्यांनीच सांगितलं होतं. दादाला कळू देऊ नकोस म्हणाले, त्याला वाईट वाटेल.” सोळा वर्षे आई ते आपल्यापासून लपवत होती आणि आपण ही पाने तिच्यापासून. मी दोघांच्या मध्ये बसून फुगे आणि घोड्यांविषयी लिहीत होते.

मग तिने तांदळाचे सूप उचलून आत नेऊन ठेवले. त्यानंतर ते बाहेर आलेले नाही.

रागावर मी अजून पूर्ण ताबा मिळवलेला नाही, हे खरे सांगते. भुजंगाच्या भावाला कोणीही विचारले नव्हते. त्याचा महिना कोणी घेतला, हे या पानांत नाही.

निबंध मुदतीत दिला. तिसऱ्या मोहिमेचा शेवट असा केला: ‘मोहीम फसण्याचे कारण एकच. तिचा नायक योग्य पाणी असताना एक महिना घरी थांबला. तो उतावळा नव्हता. त्या महिन्यात प्रस्तुत निबंधलेखिका चालायला शिकली. म्हणून हे कारण तिला लिहिता येते. चूक म्हणून लिहिता येत नाही. नायकाबरोबर ज्या नावाड्याचा प्राण गेला, त्याच्या घरी मात्र ते चूक म्हणूनच लिहिले जावे.’

सिद्धेश्वर मास्तरांनी तो माझ्यासमोर वाचला. पाने ताडून पाहिली. चष्मा पुष्कळ वेळ पुसला. म्हणाले, “कारण एक, पण निवाडे दोन. नियमात बसत नाही. पहिला नंबर देता येणार नाही.” मी निघाले, तेव्हा उंबऱ्यापाशी थांबवून म्हणाले, “पाडव्याला वाचायचा मात्र हाच. तूच वाच.”

आपल्या नावासकट तो श्लोक त्यात आहे. खोटा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. भुजंगाला हे ओट्यावरून कळू नये, असे मला वाटते. तो अजून मुरुडलाच आहे.

आपली
इंदू


मुरुड,
फाल्गुन वद्य द्वादशी

चिरंजीव इंदूस, सांप्रत भुजंगाच्या ओसरीवर, उलट्या टोपल्यावर विराजमान असलेल्या मार्तंडमामाचे आशीर्वाद.

काल आलो. त्याला सर्व सांगितले. पितांबर नव्हते, हातही वर केला नाही. श्लोक माझा, ऋषी माझा, संहिता माझी. तुझ्या भावाच्या आणि माझ्या मेहुण्याच्या वाटेत आलेला तो महिना मीच घातलेला. त्याने जाळ्याच्या चार गाठी मारल्या. मग विठाबाईला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितले. ते पिऊन झाल्यावर म्हणाला, “पंत, त्या दिशी तुमी आमच्यासंगं नावंत बसला असता, तर खोटा श्लोकबी मी खराच धरला असता.”

रात्रीची मोटार चुकली होती. त्याने जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. ओसरीवर घोंगडे टाकलेले होते, निजलो.

सकाळी त्याने तो श्लोक पुन्हा म्हणायला लावला. भावकीत बंद करणार का, असे मी विचारले. म्हणाला, सांगून बघतो, पण पोरे ऐकायची नाहीत. त्यांना धोंड्यात सासरी बसून खायला तो श्लोक लागतो. अशा रीतीने नौकाविधानसंहितेचे प्रामाण्य माझ्या हातांतून कायमचे निसटले आहे. खोटे बोलणे सुलभ असते. ते परत घ्यायला गेलो, तर त्याला नातवंडे झालेली आढळतात.

तुझ्या तीर्थरूपांनी दाखवलेला छंदोदोष मात्र दुरुस्त केला. ‘नदीवर्त्मना’च्या जागी ‘जलवर्त्मना’ घातले. पाचवे अक्षर लघू झाले. नदी काढली की श्लोक निर्दोष होतो. बाकी कशातूनही ती मला काढता आली नाही.

भुजंग पाडव्याला येणार आहे. त्याच्याच बरोबर येतो. ओट्यासमोर त्याला हवी ती जागा दे. मला पहिल्या रांगेत, अगदी मध्यभागी बसव, दोन्ही बाजूंना माणसे असतील अशी. म्हणजे तू त्या ओळीपर्यंत आलीस की मला उठून जाता येणार नाही.

गोदूस सांग, दादा विचारतो, अनंतरावांनी धोंडे तेहेतीस खाल्ले होते की बत्तीस. एक मी पळवला होता.

मार्तंडमामा